करवंदीचा काटा

नानांच्या तबकडीवरचं गाणं शरयूनं जगासाठी खुलं केलं आणि चहा गाळून होईपर्यंत ते नाहीसं झालं.

पडद्यावर गाण्याच्या जागी एक पांढरा चौकोन उरला होता. त्यात मोठ्या सौजन्यानं लिहिलं होतं : ‘हे ध्वनिमुद्रण निर्मळ संस्थेच्या मालकीचे आहे. आपल्याकडून ते चुकून टाकले गेले असावे. पुन्हा टाकल्यास आपले खाते बंद होईल.’

शरयूनं कप खाली ठेवला आणि गाणं पुन्हा टाकलं. या वेळी ते दिसायच्या आधीच गेलं.

“काय झाला गे?” ओटीवरून यशोदाआतेनं विचारलं. ती नानांची, म्हणजे शरयूच्या वडिलांची, धाकटी बहीण. नाना गेल्यापासून वेंगुर्ल्याच्या या घरात राहायला आली होती. भावाच्या खुर्चीत ती बसत नसे. खुर्चीशेजारी पाट घेऊन बसे आणि खुर्चीत दुसऱ्या कुणालाही बसू देत नसे.

“गाणं काढून टाकलं.”

“कोणी?”

“दादाच्या कंपनीनं.”

आतेनं सोलत असलेलं आंबाड्याचं फळ खाली ठेवलं. “बापूस गेलो, आता त्याचा गाणा पण न्हेऊक इले? श्रीरंगाक फोन लाव. माका बोलूचा आसा.”

श्रीरंगनं पुण्यात फोन उचलला तो घाईतच. “शरू, मी मीटिंगमध्ये आहे.”

“ते गाणं महायुद्धाच्या आधीचं आहे. साठ वर्षं झाली की ध्वनिमुद्रण सगळ्यांचं होतं. तुम्ही कोण मालकी सांगणारे?”

“मूळ तबकडी सगळ्यांची. आम्ही स्वच्छ केलं ते आमचं. त्यात आमची मेहनत आहे.”

“तुमचं मी टाकलंच नाही. मी माझं टाकलंय. खरखरीसकट.”

“पहाऱ्यावरच्या यंत्राला दोन्ही एकच वाटतात. त्याला वाटतं, आमचीच प्रत कुणीतरी मळवून आणली.”

“मग त्याला सांग.”

“त्याला सांगता येत नाही. लवादाकडे जा.” तो थांबला. “आणि तिथे कंपनीतर्फे मीच उभा असेन. नंतर म्हणू नकोस की सांगितलं नाही.”

“आतेला बोलायचंय.”

फोन बंद झाला.

“ल्हानपणापासून असोच,” आते म्हणाली. “कळ काढूची आणि माडार चडान बसूचा.”

*

श्रीरंग ज्याला मेहनत म्हणत होता ती साधारण अशी होती.

लाखेची जुनी तबकडी म्हणजे एकच लांब चर, बाहेरून आत गुंडाळत गेलेला. सूर जसा थरथरतो तसा हा चर डावी-उजवीकडे नागमोडी वळतो. सुई त्या वळणांवरून फिरली की गाणं वाजतं आणि दर खेपेला चर थोडा झिजतो. म्हणून आता सुई लावत नाहीत, प्रकाश लावतात. प्रकाशाची बारीक तिरीप चरावरून फिरते, त्याचा नकाशा तयार होतो आणि नकाशावरून आवाज. तबकडीला स्पर्शही होत नाही. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती.

पुढचं काम दुसरं यंत्र करतं. त्यानं लाखो गाणी ऐकलेली असतात. यात गाणं किती आणि कचरा किती, हे ते ठरवतं, कचरा उपसून काढतं आणि जिथे भोक पडतं तिथे आपल्या समजुतीनं भर घालतं. जगभरची जुनी गाणी या दहा वर्षांत अशी लख्ख होऊन निघाली. लोकांनी ती आनंदानं ऐकली. मूळ खरखरीत प्रती मात्र हळूहळू दिसेनाशा झाल्या. त्यांच्यावर कुणी बंदी घातली नव्हती. पहाऱ्यावरची यंत्रं त्यांना स्वच्छ गाण्यांच्या मळक्या चोरट्या प्रती समजत आणि दारातून परत पाठवत. तक्रार करायला त्या गाण्यांचं कुणी हयात नव्हतं.

नाना तरुणपणी मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. कांगो नदीवरच्या मताडी बंदरात जहाज बरेच दिवस अडकलं होतं, तेव्हा एका शिंप्याच्या दुकानात त्यांनी ही तबकडी ऐकली आणि अंगावरचा नवा शर्ट देऊन घेतली. गाणारा मासांबा नावाचा नावाडी. हातात लिकेंबे. म्हणजे लाकडी पेटीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी वाजवायच्या. पट्ट्यांभोवती बारीक तारेची सैल कडी घातलेली असतात. पट्टी छेडली की सुराच्या मागोमाग कडं झिणझिणतं.

“तंबोऱ्याला जवारी असते ना, तशीच ही,” नाना म्हणायचे. “यांनी लोखंडातून काढली.”

त्या एका तबकडीपायी पुढे तीनशे झाल्या. मोंबासा, लागोस, लुआंडा. ज्या बंदरात जहाज लागेल तिथल्या. पोलादी सुईला नानांच्या घरात मज्जाव होता. ते करवंदीचा काटा वापरत. परसातल्या जाळीतले काटे काढून, वाळवून, तेलात मुरवून डबीत ठेवत. गाण्याच्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. आईसुद्धा फोडणी थांबवायची.

गेल्या हिवाळ्यात नाना कुडाळच्या दवाखान्यात होते तेव्हा श्रीरंग गाडी घेऊन आला आणि नानांची एका कागदावर सही घेऊन तीनशे तबकड्या पुण्याला घेऊन गेला. त्यांना बुरशी लागतेय, तिथे त्या वाचतील, असं म्हणाला. महिन्याभरानं आला तो स्वच्छ केलेलं मासांबाचं गाणं घेऊन. नानांच्या उशाशी बसून त्यानं ते ऐकवलं. आवाज असा, की मासांबा पलंगाच्या कडेला बसून गातोय. श्रीरंगच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हे शरयूलाही कबूल होतं.

नानांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “वाद्य कुठे गेलं?”

“आहे की, नाना. आता तर किती स्वच्छ ऐकू येतंय.”

“घंटी वाजवतोय कुणीतरी. लिकेंबे कुठे आहे?”

श्रीरंग हसला आणि नर्सला म्हणाला, औषधांमुळे होतं असं. नानांनी भिंतीकडे तोंड केलं. नंतरच्या दिवसांत त्यांनी कोणतंच गाणं मागितलं नाही. ते गेले तेव्हा खोलीत फक्त यंत्रांचा आवाज होता.

तबकड्या परत मागितल्यावर श्रीरंग म्हणाला होता, “वाचून झाल्यावर हाताळताना फुटल्या.”

“किती?”

“लाख ठिसूळ असते गं.”

“किती, दादा?”

सगळ्या. तीनशेच्या तीनशे हाताळताना फुटल्या होत्या.

एकच गोष्ट तेव्हा श्रीरंगला ठाऊक नव्हती. शरयू सावंतवाडीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत तिनं मासांबाची तबकडी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून, तसूभर तसूभर करत, सगळी वाचली होती. नाना शेजारी स्टुलावर बसून “हळू, हळू” म्हणत होते. त्या वाचनाला तिनं नाव दिलं होतं : ‘नारायण पेडणेकर संग्रह, वेंगुर्ला’. तीनशेंपैकी आता एवढंच उरलं होतं.

*

लवादाकडून निर्मळचं म्हणणं आलं. शरयूनं निर्मळची स्वच्छ प्रत घेतली आणि जुनी वाटावी म्हणून तिला वरून धूळ फासली, असा आरोप होता. असं करणारे पुष्कळ होते, त्यामुळे आरोप विचित्रही वाटत नव्हता. झिणझिणीबद्दल एक वेगळं वाक्य होतं : ‘तबकडीचे दिवंगत मालक ती झाडाच्या काट्याने वाजवीत असल्याने चर खराब झाला होता; सदर आवाज त्या खराबीचा असून संस्थेने तो दूर केला आहे.’

शरयूनं ते दोनदा वाचलं. हे वाक्य श्रीरंगनं लिहिलेलं होतं. काट्याची गोष्ट त्या कंपनीत दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हती.

झिणझिण ही खराबी नव्हे, वाद्याचा भाग आहे, हे सांगायला ते वाद्य ओळखणारं माणूस हवं होतं. महिनाभर शोधल्यावर मताडीतच सापडलं. न्सोना, मासांबाची नात. वय सत्तरीच्या पुढे. मुलांना लिकेंबे शिकवायची.

पडद्यावर एक सडसडीत बाई आली. डोक्याला पिवळा रुमाल, चेहऱ्यावर हसू नाही. ती बराच वेळ बोलली. तिच्या हाताचे हावभाव असे होते, की ती कुणालातरी घराबाहेर काढतेय. दुभाषी यंत्रानं मऊ आवाजात मराठी केलं : “आपल्या संपर्काबद्दल आनंद वाटला. आजोबांच्या गाण्याबाबत मला काही शंका आहेत.”

शरयूनं त्या हातांकडे पाहिलं. मग यंत्राची मांडणी उघडून सभ्यतेचा खटका बंद केला. “ती जसं बोलते तसंच सांग.”

न्सोना पुन्हा बोलली. या वेळी मराठी वेगळंच आलं.

“तुझ्या बापानं माझ्या आजोबाचं गाणं साठ वर्षं कपाटात कोंडलं. माझी आई ते ऐकायला तरसून मेली. घरात लिकेंबे होतं, गाणं नव्हतं. आता तुमचा भावाबहिणीचा तंटा लागला, म्हणून तुला मी आठवले?”

“वडिलांनी अंगावरचा शर्ट देऊन ते घेतलं, जपलं,” शरयू म्हणाली. “त्यांनी घेतलं नसतं तर फुटून गेलं असतं.”

“फुटलंच ना शेवटी?”

शरयूची नजर रिकाम्या कपाटाकडे गेली.

“शर्ट देऊन घेतलं म्हणतेस. शिंप्याला शर्ट!” न्सोना पहिल्यांदाच हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. “तुझा भाऊ गाणं कुलपात ठेवतो. बापानंही तेच केलं. फरक एवढाच, की बाप अधूनमधून स्वतः ऐकायचा.”

“माझे वडील जाऊन चार महिने झालेत.”

“माझी आई जाऊन बारा वर्षं. ऐक, मी येईन. वाजवूनही दाखवीन. पण त्या गाण्यावर ते नाव आहे ना, तुझ्या बापाचा संग्रह, ते काढ. मासांबाचं नाव लिही. मताडीचा मासांबा, नावाडी. दुसरं कुणाचं नाव नको, तुझंही नको. आधी काढ, मग बोलाव.”

पडदा काळा झाला. आते दाराशी उभी होती.

“काय म्हणता ती?”

शरयूनं सांगितलं. आतेनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, “तोंडाळ आसा.” आणि थोड्या वेळानं, “पण तिच्या आवशीन आयकूक नाय, ह्या खराच.”

शरयूनं ते नाव आठवडाभर तसंच ठेवलं. तबकड्या गेल्या होत्या, कपाट रिकामं होतं, सातबाऱ्यावर आता दोघा भावंडांची नावं लागणार होती. ‘नारायण पेडणेकर’ हे नाव कशाच्या तरी वर उभं राहावं, एवढंच तिला हवं होतं. आणि न्सोनाचं बोलणं खोटं असतं तर ते मनातून काढून टाकता आलं असतं.

सुनावणीच्या सकाळी अंघोळ करून ती यंत्रासमोर बसली. नानांचं नाव खोडलं. ‘मासांबा, नावाडी, मताडी.’ मग न्सोनाला निरोप पाठवला : काढलं.

*

लवादाच्या जागी एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. एका चौकोनात त्या, एकात श्रीरंग, एकात शरयू, एकात न्सोना. श्रीरंगनं कोट घातला होता. तो नानांसारखा दिसायला लागलाय, हे शरयूला नको असताना दिसलं.

“माझी बहीण भावनेच्या भरात आहे,” त्यानं सुरुवात केली. “मी समजू शकतो. वडील गेले. पण आवाजाचं शास्त्र भावनेवर चालत नाही.”

“शास्त्रावरच बोलू,” शरयू म्हणाली. “चराला दोन भिंती असतात. गाणं कापताना चर आख्खा वळतो, म्हणून गाणं दोन्ही भिंतींवर सारखं उमटतं. झीज, ओरखडा, बुरशी यांचं तसं नसतं. ती एका भिंतीवर जास्त, दुसरीवर कमी. मी दोन्ही भिंती वाचल्या आहेत. झिणझिण दोन्हीवर तंतोतंत सारखी आहे. निर्मळनं आपल्या दोन भिंती दाखवाव्यात.”

न्यायाधीश बाईंनी श्रीरंगकडे पाहिलं.

“आम्ही एकच भिंत वाचतो,” तो म्हणाला. “निम्म्या वेळात काम होतं. सगळीकडे हीच पद्धत आहे.”

“म्हणजे यातलं गाणं कोणतं आणि झीज कोणती, हे तुम्ही पाहिलं नाही?”

“यंत्र ठरवतं, मॅडम. लाखो गाण्यांच्या अनुभवावरून.”

“त्या लाखांत लिकेंब्याची किती?” शरयूनं विचारलं.

त्याला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण न्सोनानं मांडीवरची पेटी उचलली होती. आजोबांचंच वाद्य होतं ते, कडेनं झिजून काळं पडलेलं. “मधल्या या दोन पट्ट्या बघा. यांना कडी नाहीत. आमच्या घरात या दोन मोकळ्याच ठेवतात, ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला.” निर्मळच्या प्रतीवरून ऐकून बसवलेलं ते गाणं तिनं वाजवलं. प्रत्येक सुरामागे झिणझिण धावत होती आणि त्या दोन सुरांपाशी थांबत होती. मग शरयूनं आपल्या वाचनातला तोच तुकडा लावला. झिणझिण त्याच दोन सुरांपाशी थांबली.

“धुळीला सूर कळतात का?” न्सोनानं विचारलं. “तुमच्या काट्याला कळतात?”

श्रीरंगनं टाय सैल केला. “मान्य, झिणझिण वाद्याची असेल. पण म्हणून ही प्रत तबकडीवरून आली असं होत नाही. या दोघींची ओळख आहे. या बाईंनी वाजवायचं, माझ्या बहिणीनं ते आमच्या प्रतीत मिसळायचं. दोन्ही भिंतींवर सारखं मिसळणं काय अवघड आहे? ती भौतिकशास्त्राची प्राध्यापक आहे.” मग तो थेट शरयूकडे वळला. “आणि या सौद्यासाठी काय दिलंस? काल रात्रीपर्यंत त्यावर नानांचं नाव होतं. आज नाही. स्वतःच्या बापाचं नाव पुसलंस तू.”

मागे ओटीवर आते पुटपुटली ते सगळ्यांना ऐकू गेलं. “आणि तू रे? कपाट पुसलंस त्याचा?”

“शांत राहा,” न्यायाधीश बाई म्हणाल्या. “मला ही प्रत अगदी पहिल्यापासून ऐकायची आहे.”

शरयूनं ती लावली. आधी खरखर, कढईत दूरवर काहीतरी तळतंय तशी. मग एक स्पष्ट ‘टक’. मग लिकेंबे.

“थांबवा. हा सुरुवातीचा आवाज कसला?”

“ते काही नाही, मॅडम,” श्रीरंग सवयीनं बोलून गेला. त्याचा आवाज क्षणभर घरातला झाला होता. “नाना आधी काटा टेकवायचे आणि मग थाळी सोडायचे. सगळे उलट करतात. पण जहाज हलत असताना फिरत्या थाळीवर काटा धरता येत नाही, ती सवय त्यांना कायमची लागली. त्यांच्या प्रत्येक तबकडीवर ऐन सुरुवातीला खड्डा आहे. टक झाली की आम्ही पोरं हलायचो नाही. आमचं यंत्र पहिल्यांदा तोच काढ...”

तो थांबला.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे तुमच्या स्वच्छ प्रतीत हा आवाज नाही.”

“नाही.”

“या बाईंच्या प्रतीत तो योग्य जागी आहे, आणि तो तुमच्या वडिलांचाच आहे, हे तुम्ही ऐकताक्षणी ओळखलंत. मग ही प्रत कुठून आली, श्री. पेडणेकर?”

श्रीरंग खाली बघत राहिला. नानांची सही घेताना, तबकड्या गाडीत भरताना त्यानं कधी खाली पाहिलं नव्हतं.

“तबकडीवरून,” तो म्हणाला.

निर्मळचा दावा फेटाळला गेला. फक्त या एका गाण्यापुरता. बाकीच्या दोनशे नव्व्याण्णव गाण्यांचं कुणाकडे दुसरं वाचन नव्हतं. ती स्वच्छच राहणार होती. न्यायाधीश बाई गेल्या तेव्हा श्रीरंगचा चौकोन अजून उघडा होता.

“समाधान झालं?” त्यानं विचारलं. “माझी नोकरी जाईल बहुतेक.”

“तुला ते ओळखू आलं, दादा.”

“नालायक आहेस तू,” तो म्हणाला आणि गेला. पाडव्याला, दिवाळीला, नानांच्या वर्षश्राद्धाला त्याचा फोन आला नाही. शरयूनंही केला नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी न्सोना अजून पडद्यावर होती. शरयूनं गाणं खुलं केलं आणि दोघीही वाट पाहत बसल्या. पांढरा चौकोन आला नाही. मताडीत न्सोनाच्या मागे शिकणारी पोरं जमली होती, त्यांनी ते लावलं. तिकडून खरखर ऐकू आली, ‘टक’ ऐकू आली, मग लिकेंबे. न्सोना पहिल्या सुरापाशीच डोळे मिटून बसली. एका पोरानं हसून काहीतरी म्हटलं, तर तिनं न बघता त्याला चापट मारली.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, “ती टक. ती आजोबाची नाही.”

“नाही. दोन्ही भिंतींवर सारखी नाही ती. ती खराबीच आहे.” शरयूनं यंत्राकडे हात नेला. “काढते. एवढीच काढता येईल.”

न्सोनानं तिच्याकडे पाहिलं. चेहरा अजून तसाच कडक होता.

“नाव काढायला सांगितलं होतं मी,” ती म्हणाली. “ती राहू दे.”

ओटीवर यशोदाआतेला तिकडचं काही कळलं नव्हतं. तिनं शरयूला गाणं पुन्हा लावायला सांगितलं. ‘टक’ झाली तशी तिनं आंबाड्यावरची सुरी थांबवली आणि गाणं संपेपर्यंत ती हलली नाही.